सेरेनोच्या लेकी

इदालिना तेओदोरो एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या गाईंचं दूध तोलत होती. पेद्रा मान्साच्या आसपासचे अकरा गोठे तिच्याकडे होते. प्रत्येक गोठ्यात महिन्यातून एकदा मुक्काम. पहिल्या दिवशी सकाळची धार ती नुसती उभी राहून बघायची आणि शेवटी स्वतःच्या हातानं सड पिळून कास खरोखर रिकामी झाली की नाही याची खात्री करायची. कारण आदल्या धारेला थोडं दूध कासेतच ठेवून दुसऱ्या दिवशी बादली फुगवायची युक्ती पंचक्रोशीत सगळ्यांना पाठ होती. मग दुपारची धार आणि दुसऱ्या सकाळची धार तोलायची, फॅटसाठी प्रत्येक गाईची छोटी बाटली भरायची, तक्ता लिहायचा आणि बस पकडायची.

गोठ्यातले गडी तिला टोमणे मारत.

"दोना इदालिना, लग्नाच्या वेळी नवऱ्यालापण टांगला होता का तानकाट्याला?"

"टांगला होता की. बादलीचं वजन वजा केल्यावर फारसं काही उरलं नाही."

तिचा नवरा बेलार्मिनो खरंच किडकिडीत होता. तो घरी चीज करायचा आणि शनिवारी बाजारात विकायचा. एकुलती एक लेक लग्न होऊन बेलो ओरिझोंतेला गेलेली. इदालिनाचा बाप आयुष्यभर दुसऱ्याच्या गोठ्यात धारा काढून मेला होता, त्यामुळे अक्षरांच्या आधी तिला कास कळली. शाळा पाचवीपर्यंत. पण तिनं लिहिलेल्या आकड्यावर गोपालकांच्या संघाच्या कचेरीत कुणी कधी बोट ठेवलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला जेवढा अभिमान होता तेवढा दुसऱ्या कशाचाच नव्हता.

अकरा गोठ्यांत सर्वांत मोठा सेद्रोचा. मालक लिंदोल्फो क्विंताव. तो तिच्या लेकीचा धर्मपिता, म्हणून ती त्याला कोंपाद्रे म्हणायची आणि तो तिला कोमाद्रे. माणूस दिलदार. बेलार्मिनोच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा यानंच स्वतःच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं होतं. आणि त्याच्याकडे सेरेनो होता.

सेरेनो म्हणजे गीर वळू. गडद तांबडा, कपाळ ढालीसारखं फुगलेलं, कान पानांसारखे लोंबणारे. त्याच्या लेकी पहिल्याच वेतात अशा दूध देत की इदालिनाला काटा दोनदा बघावा लागे. पाच-सहा वर्षांत पेद्रा मान्साच्या जवळजवळ प्रत्येक गोठ्यात त्याच्या लेकी झाल्या. आता सगळ्या देशात वाटल्या जाणाऱ्या वळूंच्या यादीत त्याचं नाव पहिल्या पानावर येणार, असं बोललं जात होतं. यादी ऑगस्टमध्ये छापायची होती. लिंदोल्फोनं खुशीत येऊन इदालिनालाही त्याची एक लेक दिली होती. जांदाया नावाची कालवड, आणि तीही गाभण करून, सेरेनोच्याच रेतनाच्या कांडीनं. "राणीच्या पोटी राणीच येईल," असं म्हणाला होता तो.

जूनमध्ये एक दिवस संशोधन केंद्रातली रोझाउरा नावाची बाई चार तास बसनं प्रवास करून इदालिनाच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. तिशी ओलांडलेली, चष्मा, मांडीवर कागदांची चळत. कॉफीचा पहिला घोट घेऊन तिनं कप बाजूला ठेवला.

"दोना इदालिना, तुमच्या तक्त्यांवर मी तीन वर्षं काम करतेय. तुम्हाला कधी भेटले नव्हते एवढंच."

"काय काम करता, ते मात्र मला कुणी कधी सांगितलं नाही."

"गाई-गाईत दुधाचा फरक पडतो ना? त्या फरकात रक्ताचा वाटा किती आणि चाऱ्याचा, हवेचा, माणसाच्या हाताचा किती, ते काढते. एकाच वळूच्या लेकी वेगवेगळ्या गोठ्यांत वाढल्या, गवत वेगळं, मालक वेगळा, तरी एकमेकींसारख्या निघाल्या, तर ते रक्ताचं. जितक्या जास्त सारख्या, तितका रक्ताचा वाटा मोठा. दुधाचा वाटा सगळीकडे साधारण चारात एक येतो."

"आणि आमच्याकडे?"

"पाचात दोन."

चुलीशी उभा असलेला बेलार्मिनो म्हणाला, "मग चांगलंच की! आमच्या गाईंचं रक्तच भारी."

"सेऊ बेलार्मिनो, आकडा फार देखणा आला की मला आधी भीती वाटते," रोझाउरा म्हणाली. तिनं एक कागद इदालिनापुढे सरकवला. "सेरेनोच्या लेकींना वेगळी पेंड मिळते का? वेगळी जागा?"

"नाही. एकाच दावणीला असतात. ते मी डोळ्यांनी बघते."

"मग हे बघा. सेद्रोमध्ये दोन वर्षांत व्यायला झालेल्या सेरेनोच्या चौसष्ट कालवडींना कांडी दिलेली होती. सेरेनोचीच. बापाचीच."

"कोंपाद्रे त्याला रक्त बंद करणं म्हणतात. चांगलं रक्त घराबाहेर जाऊ द्यायचं नाही."

"चौसष्टांपैकी तोलात आल्या त्रेपन्न. अकरा कालवडींपुढे तुमच्या अक्षरात 'विकली' आहे. व्यायला आलेली कालवड, तीही सेरेनोची, ऐन व्यायच्या तोंडावर कोण विकतं, दोना इदालिना?"

इदालिनानं कागद हातात घेतला. अक्षर तिचंच होतं. गोठ्यातला मुख्य गडी जुवेंसियो सांगायचा, ती लिहायची. दुधाच्या प्रत्येक थेंबावर संशय घेणारी ती, या एका शब्दावर तिनं कधी संशय घेतला नव्हता. तोलायला गाय नसेल तर तोलणाऱ्या बाईचं काम संपलं, एवढाच विचार तिनं केला होता.

"दुसऱ्या वळूंच्या लेकी बऱ्या-वाईट सगळ्या तुमच्या तक्त्यात आहेत," रोझाउरा हळूच म्हणाली. "सेरेनोच्या मात्र ज्या फसल्या त्या तक्त्यात पोचतच नसाव्यात. नुसत्या चांगल्या मोजल्या तर बाप मोठाच दिसणार. पण त्या का फसल्या हे मला कागदावरून कळत नाही."

निघताना ती परसात थांबली. जांदाया पेरूच्या झाडाखाली रवंथ करत बसली होती, पोट एका बाजूला कललेलं.

"हिचा बाप?"

"सेरेनो."

"आणि पोटातलं?"

"तेही त्याचंच. भेट आहे."

रोझाउरानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कितवा महिना?"

"सातवा सरत आलाय."

"बरं," एवढंच म्हणून ती गेली. ती काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं, असं इदालिनाला दिवसभर वाटत राहिलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती सेद्रोला गेली. जुलै म्हणजे तिथला कोरडा हिवाळा; पाऊस जाऊन तीन महिने झालेले, गवत करपलेलं, तांबडी धूळ दातांत येत होती. सकाळची धार बघून झाली. नेहमीसारखं गडी गात होते, वासरं आईच्या पायाशी बांधलेली. ही जात वासराशिवाय पान्हा सोडत नाही. वासरू समोर दिसलं पाहिजे, त्यानं दोन धक्के मारले पाहिजेत, मग दूध.

"जुवेंसियो, फुमासा दिसत नाही ती? मागच्या खेपेला व्यायला टेकलेली."

"विकली, दोना." त्यानं मान वर केली नाही.

"कुणाला?"

"मला काय माहीत? मी धारा काढतो, बाजार करत नाही."

"आणि गारोआ? आणि ती पांढऱ्या शेपटीची, काय बरं नाव..."

"आज काटा आणलाय की पोलीस आणलेत?" बाकीचे गडी हसले. जुवेंसियो हसला नाही. त्याच्या दोन्ही तळहातांवर आडवे लाल वळ होते. दोरी जोरानं हातातून सरकली की उठतात तसे. बादली उचलताना तो बोटं पूर्ण मिटत नव्हता.

दुपारच्या धारेला अजून तीन तास होते. गडी जेवायला गेले. इदालिना गोठ्यामागच्या कुंपणाशी उभी राहिली. पलीकडे जमीन उतरत जाऊन एक घळ होती. घळीवर सात-आठ काळी गिधाडं घिरट्या घालत होती. गिधाडं काय, कुठेही असतात. पण ही उंच जात नव्हती. एकाच जागेवर, एकाच उंचीवर फिरत होती, जणू रोजचं ताट वाढायची वाट बघत होती.

ती तारेखालून वाकून गेली.

वास आधी आला. घळीत झुडपं कमी होती, पाला वाळलेला, त्यामुळे लपायला काही नव्हतं. हाडं होती. जुनी, पांढरी, आणि त्यावर नवी. लहान हाडं. एका खडकाशी चार-पाच दिवसांपूर्वी टाकलेलं वासरू पडलं होतं. गिधाडांनी डोळे आणि पोट नेलेलं, बाकी शाबूत. तांबडं, ढालीसारख्या कपाळाचं. पुढचे पाय छातीखाली दुमडलेले, मागचे उलट्या बाजूला वळलेले, मान पाठीवर अशी मोडलेली की ते मागं कुणाला तरी शोधतंय असं वाटावं. इदालिनानं खाली बसून त्याचा एक पुढचा पाय धरला आणि सरळ करायला बघितला. मेलेल्या वासराचा पाय आधी ताठरतो आणि नंतर ढिला पडतो, हे तिला ठाऊक होतं. हा ढिला पडला नव्हता. गुडघा मुळी गुडघा नव्हताच. तिथं दोन हाडं एकात एक गोठून गेली होती. तिनं दुसरा पाय बघितला. तसाच. शेजारच्या जुन्या हाडांतला एक पाय उचलला. तसाच.

"झालं बघून?"

जुवेंसियो वर काठावर उभा होता. तो खाली आला नाही.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"मागच्या वर्षीच्या आधीपासून. पहिल्याला सेऊ लिंदोल्फो म्हणाले, साप चावला म्हणून सांगायचं. तिसऱ्याला म्हणाले, काहीच सांगायचं नाही."

"आणि गाई?"

"आत हात घातला की कळतं, दोना. पाय हाताला लागतो पण वळत नाही. लाकूड. मग दोरी लावायची, तिघं ओढतो. एकदा वासरू अर्धंच आलं." त्यानं तळहात पँटला पुसले. "काही गाई तिथंच जातात. ज्या उठतात त्यांचं काय? वासरू नाही तर पान्हा कुठला? चार-सहा दिवसांत आटतात. मग कसायाची गाडी येते. विकली म्हणजे विकलीच की. मी खोटं नव्हतो सांगत."

"नावं आठवतात?"

तो काठावरच उकिडवा बसला. मग एकेक नाव सांगायला लागला. न चुकता, ज्या क्रमानं गेल्या त्या क्रमानं. इदालिनानं तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिली. सगळी मिळून बारा झाली.

"अकरा असायला हव्या होत्या," ती म्हणाली.

"बारावी फुमासा. मागच्या मंगळवारी." त्यानं खडकाजवळच्या वासराकडे हनुवटी केली. "हे तिचंच. माझं नाव घेऊ नका, दोना. माझी तीन पोरं या जागेत झोपतात."

जेवायला लिंदोल्फोनं तिला घरात बोलावलं. तिचं पान नेहमी गड्यांबरोबर असायचं. मालकाच्या टेबलावर ती लेकीच्या बारशाच्या दिवशी एकदा जेवली होती. काळा घेवडा, भात, बारीक चिरून परतलेली हिरवी भाजी, डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे. लिंदोल्फोनं स्वतः तिला वाढलं.

"कोमाद्रे, तुझ्या बुटांना घळीतली माती लागलीय."

तिनं पायांकडे बघितलं. खरंच लागली होती.

"कोंपाद्रे, ती वासरं..."

"जेव आधी." त्याचा आवाज अजिबात चढला नाही. "एक सांग, तुझ्या तक्त्यात मेलेल्या वासराला रकाना आहे?"

"नाही."

"दुधाला आहे. फॅटला आहे. तारखेला आहे. ज्या शहाण्या लोकांनी तो तक्ता काढला, त्यांना मेलेलं वासरू बघायचं असतं तर त्यांनी रकाना काढला नसता का? मग तू कशाला काढतेस?"

"पुढच्या महिन्यात यादी छापायची आहे. लोक देशभर त्याच्या कांड्या नेतील."

"नेऊ देत की! आपापल्या गाईंना देतील. ते कुठं माझ्यासारखं रक्त बंद करणार आहेत? दुसऱ्याच्या गाईला दिली तर काही होत नाही. मी बघितलंय." तो थोडा पुढे झुकला. "या गावातल्या सगळ्या गोठ्यांची आशा त्या वळूवर आहे. एकट्या माझी नाही. आणि तुझं काम आकडे लिहिण्याइतकंच. आपण ज्याचं खातो त्याच्या..." वाक्य त्यानं पुरं केलं नाही. भाजीचं भांडं तिच्याकडे सरकवलं. "जांदायाला कितवा?"

इदालिनाचा घास हातातच राहिला.

"मला ती दिलीत तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

खिडकीतून गोठ्यातला हंबरण्याचा आवाज येत होता. लिंदोल्फोनं ग्लासात पाणी ओतलं.

"घे ना भाजी," तो म्हणाला.

दुपारची आणि दुसऱ्या सकाळची धार तिनं तोलली. हात नेहमीसारखेच चालले. बसमध्ये तिनं तक्ता उघडला. फुमासाच्या नावापुढे जागा रिकामी होती. 'विकली' लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. लिंदोल्फो वाईट माणूस नव्हता, हीच खरी पंचाईत होती. त्यानं तिच्या नवऱ्याला वाचवलं होतं. त्याचं म्हणणंही एका अर्थी बरोबर होतं. दुसऱ्याच्या गाईला दिलेल्या कांडीनं आज काही होत नव्हतं. पण तिनं एकोणीस वर्षं पाहिलं होतं की चांगल्या वळूची लेक सगळ्यांना हवी असते. मग तिच्या लेकीला त्याच वळूचा लेक दाखवला जातो, आणि चार-पाच वर्षांत गावभर सगळ्या गाई एकमेकींच्या मावश्या-भाच्या होतात. लिंदोल्फोनं दोन वर्षांत जे मुद्दाम केलं, ते बाकीच्यांच्या हातून नकळत होणार होतं.

फुमासापुढे तिनं लिहिलं: 'वासरू मेलेलं, चारही पाय वाकडे, सांधे गोठलेले. गाय आटली.' मग घरी येऊन उरलेल्या अकरा नावांपुढे तेच लिहिलं, तारखांसकट, आणि खाली सही केली. जुवेंसियोचं नाव कुठंच घेतलं नाही. 'घळीतली हाडं मी स्वतः बघितली,' एवढंच लिहिलं.

"आपण भिकेला लागणार," बेलार्मिनो म्हणाला. पण पाकीट टपालात टाकायला तोच गेला.

त्याचा परिणाम दिसायला महिना लागला. ऑगस्टच्या सुरुवातीला ती सेद्रोला गेली तर फाटकाला कुलूप होतं. पलीकडे उभ्या असलेल्या, तिनं कधी न पाहिलेल्या माणसानं हातानंच जा म्हणून खुणावलं. जुवेंसियोच्या घराची दारं-खिडक्या उघडी पडली होती आणि अंगणात पोरांचं काही वाळत घातलेलं नव्हतं. कुणी म्हणालं तो पोरांना घेऊन बहीण राहते तिकडं गेला, कुणी म्हणालं घालवला. तिनं नाव घेतलं नव्हतं. पण घळीच्या काठावर त्याला उभा असलेला दुसऱ्या कुणीतरी बघितलं असणार.

मग आणखी चार गोठ्यांनी निरोप पाठवले, काटा नको. एका मालकिणीनं भर बाजारात बेलार्मिनोच्या चीजला हात लावून परत ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "यांच्याकडचं नको बाई, यांची नजर वाईट आहे. वासरं मरतात."

रोझाउराचं पत्र आलं. दोन पानी. त्या बारा गाई हिशेबात धरल्यावर आकडा पाचात दोनवरून खाली घसरून चारात एकच्या जवळ आला होता. सेरेनो चांगला वळू होता, पण जगावेगळा नव्हता. यादीतून त्याचं नाव काढलं होतं. दुसऱ्या पानावर तिनं लिहिलं होतं की हा दोष रक्तात लपून राहतो. एकाच बाजूनं आला तर वासरू धडधाकट. आई आणि बाप दोघांकडून आला तरच असं होतं. बापाची कांडी लेकीला दिली तर आठात एक. फुमासा धरून पासष्टात आठ यायला हवेत. नशिबानं थोडं कमी-जास्त होतंच, त्यामुळे बारा जुळतात. शेवटच्या ओळीत होतं: 'जांदायाच्या बाबतीतही आठात एक. त्या दिवशी मला खात्री नव्हती म्हणून बोलले नाही. माफ करा.'

आठात एक. इदालिनानं ते पुन्हा पुन्हा वाचलं. दुधाचे आकडे किलोत असतात, काटा थांबला की प्रश्न मिटतो. हा आकडा थांबत नव्हता. सकाळी उठून जांदायाच्या पोटावर हात ठेवला की कधी हालचाल लागे, कधी नाही. हललं तर ती विचार करायची, हललं ते पाय वळवून की ताठ? तिनं बेलार्मिनोला दोरी आणून ठेवायला सांगितली. सुरीही धार लावून ठेवली, म्हणजे अडलंच तर वासरू तुकड्या-तुकड्यांनी काढून गाय तरी वाचवता येईल. हे ती नवऱ्याला म्हणाली नाही. त्याला सुरी दिसली तेव्हा त्यानंही विचारलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी डोंगरांवर वणवे लागले होते, आकाश पिवळट, दुपार असून संध्याकाळ वाटावी असं. जांदाया परसाच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. शेपटी उचललेली. जेवणाच्या सुमारास पाणमोट फुटली. तासभर झाला, पाय दिसेनात.

"हात घालतेस?" बेलार्मिनोनं विचारलं.

तिनं दंडापर्यंत साबण लावला. आत उष्ण, घट्ट, अंधार. बोटांना एक खूर लागला. तिनं डोळे मिटले. खुरावरून वर सरकत सांध्याशी आली आणि तिथं थांबली. पुढं जायची हिंमत होत नव्हती. जांदायानं कळ दिली, तिचा हात चेमटला, आणि कळ ओसरली तेव्हा तिनं तो पाय धरून हळूच मागं ढकलला.

पाय वळला.

तिनं परत वळवला. मग दुसरा शोधला. तो नुसता मागं अडकला होता. तिनं तोही वळवून पुढं घेतला, आणि दोन कळांत वासरू बाहेर आलं. कालवड. तांबडी, कपाळ ढालीसारखं, कान ओल्या पानांसारखे. अर्ध्या तासात ती चारी पायांवर उभी राहिली आणि आईच्या कासेला भिडली.

बेलार्मिनो रडत होता. इदालिना रडली नाही. ती त्या वासराकडे बघत राहिली आणि तिला कळलं की रोझाउराच्या पत्रातली ती रक्तात लपून राहण्याची गोष्ट आता तिच्या परसात उभी आहे, निरोगी. हिच्यात तो दोष असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होती. आणि तिच्या अंगावर ते कुठंही लिहिलेलं नव्हतं.

बातमी दोन दिवसांत सेद्रोला पोचली. लिंदोल्फोनं गावभर सांगितलं, बघा, तिचीच गाय, तिच्याच घरात, बापाचीच कांडी, वासरू राजबिंडं! मग कुठाय तुमचा दोष? लोकांना तेच ऐकायचं होतं. चर्चच्या पायरीवर दोघे जण इदालिनाला विचारायला आले, कालवड कधी विकणार? ती नाही म्हणाली तर एक जण हसून म्हणाला, "दोना, स्वतःसाठी ठेवलीत होय? हुशार आहात."

सप्टेंबरमध्ये लिंदोल्फोनं सेरेनोच्या लेकी विकायला काढल्या, आणि त्याचे चार-दोन गोऱ्हेही. यादीत नाव नाही म्हणून वळूचा भाव गेला होता, पण लेकींच्या कासा तर दिसतच होत्या. दोन दिवस लिलाव चालला. कागदपत्रं मागणाऱ्याला कागदपत्रं दिली, न मागणाऱ्याला स्वस्तात दिल्या. इदालिना बसच्या थांब्यावर उभी होती तेव्हा ट्रक जायला लागले. एकामागून एक, फळ्यांच्या फटींतून तांबडी फुगीर कपाळं दिसत होती. तिला त्या सगळ्या नावानं माहीत होत्या. काही ट्रक उत्तरेला गेले, काही गोयासच्या रस्त्याला लागले, दोन तर लांबच्या पारा राज्याच्या पाट्या लावलेले होते. धूळ खाली बसायच्या आत पुढचा ट्रक येत होता.

तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. त्या तक्त्यावर तिनं लिहिलं नसतं तर या गाई सेद्रोतच राहिल्या असत्या. घळ एकच राहिली असती.

पुढं तिच्याकडे सहा गोठे उरले. त्यांवर भागत नव्हतं, तेव्हा ती बेलार्मिनोबरोबर चीज करायला लागली. शेजारच्या गावाच्या बाजारात ते विकलं जायचं. रोझाउराच्या आग्रहामुळे तक्त्यात वासरासाठी एक रकाना आला: जिवंत, मेलेलं, वाकडं. इदालिनाच्या सहाही गोठ्यांत तो रकाना बहुतेक 'जिवंत'नं भरायचा. परसातली कालवड मोठी होत गेली. तिला कधी वळू दाखवला नाही. माजावर आली की ती दोन दिवस हंबरत राहायची, शेजारी भिंतीवरून डोकावून शिव्या द्यायचे, आणि इदालिना तिला आत बांधून खिडकी लावून घ्यायची.

दोन वर्षांनी, एका रविवारी दुपारी, बाजारातल्या दुकानात तिच्यासाठी फोन आला. लांबचा आवाज, मध्ये खरखर. एक बाई बोलत होती. नाव ओर्तेन्सिया. गोयासमध्ये गाईंचं दूध तोलते म्हणाली. नंबर केंद्रातून मिळाला.

"तुम्हाला त्रास देतेय, दोना. माझ्याकडं सात गोठे आहेत. त्यातल्या तीनमध्ये गेल्या महिन्यापासून... कसं सांगू? मालक म्हणतात साप चावतोय."

इदालिना दुकानाच्या काउंटरला टेकून उभी होती. समोर कुणीतरी टोमॅटो निवडत होतं.

"पाय कसे आहेत?" तिनं विचारलं.

पलीकडच्या बाईनं फोन तोंडाजवळ घेतला.

"तुम्हाला कसं माहीत, पायांचंच आहे ते?"